शब्द हरवलेले राष्ट्रगीत : पूर्व जर्मनी, 1949–1990

पूर्व जर्मनी, म्हणजे 7 ऑक्टोबर 1949 रोजी सोव्हिएत ताब्यातील प्रदेशात स्थापन झालेले जर्मन लोकशाही प्रजासत्ताक, हे साम्यवादी राज्य असल्याने त्याच्या राष्ट्रगीतात पक्षाचा व क्रांतीचा जयघोष असणार, असे सहज गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात कवी योहानेस बेखर यांच्या तीन कडव्यांत समाजवादाचे नावही येत नाही. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशाची उभारणी, शांतता आणि अखंड जर्मनी हेच त्यांचे विषय आहेत.

हे गीत पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रगीताला उत्तर म्हणून रचले गेले, हा समजही कालक्रमाला धरून नाही. हान्स आइस्लर यांनी स्वरबद्ध केलेले हे गीत नोव्हेंबर 1949 मध्येच मान्य झाले, तर पश्चिमेने योझेफ हायडन यांच्या 1797 मधील चालीवर गायले जाणारे जुने गीत 1952 मध्ये स्वीकारले आणि अधिकृत समारंभांत त्याचे केवळ तिसरे कडवे गायचे ठरवले. बेखर यांचे शब्द थोड्या फेरफाराने हायडन यांच्या चालीवर बसतात, ही गोष्ट मात्र खरी व लक्षणीय आहे.

आइस्लर यांच्यावर चाल चोरल्याचा आरोप झाला, कारण आरंभीचे स्वर पेटर क्रॉयडर यांच्या 1939 च्या एका चित्रपटगीताशी जुळतात. पण हे साम्य सुरुवातीच्या काही स्वरांपुरते असून पुढे चाल स्वतंत्र वाटेने जाते, त्यामुळे तेवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही.

सर्वांत दृढ गैरसमज या गीताच्या शब्दांवरील बंदीविषयीचा आहे. या गीताचे शब्द विरोधकांनी नव्हे, तर ज्या राज्याने ते मागवले होते त्यानेच मागे टाकले. 1970 नंतर दोन जर्मन राज्ये ही दोन स्वतंत्र राष्ट्रे आहेत अशी भूमिका सत्ताधाऱ्यांनी घेतली आणि 1974 मध्ये राज्यघटनेतून ‘जर्मन राष्ट्र’ हा उल्लेख वगळला. तेव्हा एकतेची भाषा बोलणारे पहिले कडवे अडचणीचे ठरले आणि अधिकृत समारंभांत केवळ वाद्यसंगीत वाजू लागले. शब्द बदलले गेले नाहीत, फक्त ते गायचे थांबले. म्हणूनच 1989 च्या अखेरीस निदर्शकांना एकीकरणाची घोषणा नव्याने शोधावी लागली नाही; ती त्यांनी या कडव्यातूनच उचलली. 1990 च्या वाटाघाटींत पूर्वेचे पंतप्रधान लोथार द मेझिएर यांनी बेखर यांचे शब्द संयुक्त जर्मनीच्या राष्ट्रगीतात घेण्याची सूचना केली, परंतु ती मान्य झाली नाही आणि 3 ऑक्टोबर 1990 रोजी राज्याबरोबरच या गीताचे अधिकृत स्थानही संपले.