अलिबाग : आंग्र्यांची दर्याकाठची राजधानी

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे अलिबाग आज सुट्टीच्या सहलीचे गाव म्हणून ओळखले जाते. अठराव्या शतकात मात्र ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, आंग्र्यांची राजधानी होते आणि पश्चिम किनाऱ्यावर ये-जा करणाऱ्या परकी जहाजांना त्यांचा धाक होता. किल्ला समुद्रात, खजिना आणि वस्ती किनाऱ्यावर, अशी या राजधानीची मांडणी होती. एका दिवसात पायी फिरूनही ती नीट उमगते.

ही जागा मोक्याची होती. उत्तरेला मुंबईत इंग्रज, दक्षिणेला रेवदंड्यात पोर्तुगीज आणि त्यापलीकडे जंजिऱ्याचा सिद्दी, अशा तीन आरमारी सत्तांच्या मधोमध ती येते. १६७९ मध्ये खांदेरी बेटाला तटबंदी घातल्यावर शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये अलिबागसमोरच्या खडकावर कुलाबा किल्ल्याचे काम सुरू केले. त्याच वर्षी महाराजांचे निधन झाले आणि पुढचे बांधकाम संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले.

कुलाब्याचा तट जवळून पाहण्यासारखा आहे. मोठमोठे दगड चुना न वापरता एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी सांध्यांत शिरते, तिचा जोर मोडतो आणि पाणी परत निथळते. तीन शतकांचा मारा या तटाने असाच सोसला आहे. मुख्य दरवाजा किनाऱ्याच्या बाजूला आहे. उत्तरेकडच्या खडकावर शत्रूने तोफा चढवू नयेत म्हणून तेथे सर्जेकोट हा छोटा किल्ला बांधून तो मुख्य किल्ल्याला जोडला. आत वाड्यांचे चौथरे, पहिल्या रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर, हाजी कमालुद्दीन यांचा दर्गा आणि गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूकडे खारे पाणी असताना ही पुष्करणी म्हणजे किल्ल्याचा प्राणच. तटावरच्या दोन गाडेवाल्या तोफा मात्र आंग्र्यांच्या नाहीत. त्यांच्यावर इंग्लंडमधील कारखान्याचे नाव कोरलेले आहे.

अलिबागला खरे वैभव आले ते कान्होजी आंग्र्यांमुळे. १७१३ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने त्यांनी शाहू महाराजांचा पक्ष स्वीकारला. सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहिले. त्यांचा परवाना, म्हणजे दस्तक, न घेता जाणारी जहाजे पकडली जात. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले, पण आपल्या समुद्रावर दस्तक देण्याचा हक्क बजावणारे ते राज्यकर्ते होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. हयात असेपर्यंत त्यांचे आरमार कोणालाही मोडता आले नाही.

किनाऱ्यावरच्या गावात या काळाच्या खुणा जवळजवळच आहेत. कान्होजींनी १७२० च्या सुमारास बांधलेल्या हिराकोटात खजिना असे. इंग्रजी अमलात त्याचा तुरुंग झाला. काळ्या पाषाणाच्या त्या भिंती बाहेरूनच पाहाव्या लागतात. शेजारीच तळे आहे. आंग्रे घराण्यातील व्यक्तींच्या समाध्या छत्रीबागेत आहेत. कान्होजींच्या समाधीचे दर्शन घेतल्याशिवाय अलिबाग पाहिले असे म्हणता येत नाही.

कान्होजींच्या मागे भाऊबंदकी माजली. दौलतीचे दोन भाग होऊन त्यांचे पुत्र मानाजी कुलाब्याला आणि संभाजी आंग्रे दक्षिणेकडे राहिले. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचे विजयदुर्गावरील आरमार बुडवले. कुलाब्याची शाखा त्यानंतरही टिकली. शेवटी वारस न उरल्याचे कारण दाखवून इंग्रजांनी १८४० मध्ये हे संस्थान खालसा केले.

सत्ता गेली, पण गावाचे महत्त्व गेले नाही. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याचे मुख्य ठाणे अलिबागच राहिले. १९८१ मध्ये जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरल्यावर तेथील चुंबकीय नोंदींत बिघाड होण्याची भीती निर्माण झाली. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंडासारखी चुंबकीय द्रव्ये कटाक्षाने टाळली आहेत. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तेथे आजही चालू आहे. बेने इस्रायली समाजाची इस्रायल आळी आणि तिथले सिनेगॉग हीदेखील या गावाची जुनी ओळख आहे. हा समाज घरात मराठीच बोलत आला आणि तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवत असल्याने ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेला.

किल्ल्यावर जाण्याची वेळ घड्याळापेक्षा पंचांग पाहून ठरवावी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते, हा कोकणातला जुना ठोकताळा आहे. तृतीयेला तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास भरती. तिच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने ओहोटीही दूरवर जाते आणि वाळूतून चालत किल्ला गाठता येतो. अष्टमीच्या भांगाला पाणी तितके ओसरत नाही. ओहोटी पुरी होण्याच्या थोडे आधी निघावे आणि पाणी भरू लागण्यापूर्वी परतावे. घोडागाड्याही मिळतात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात उतरण्याचे धाडस करू नये. निघण्यापूर्वी स्थानिक कोळ्यांना विचारणे केव्हाही चांगले.

मुंबईहून गेटवे ऑफ इंडियाला लाँच पकडून मांडव्याला उतरावे आणि तेथून बसने अलिबाग गाठावे. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने गाडीसकट जाता येते. रस्त्याने पेण-वडखळवरून यावे लागते. हाताशी आणखी एक दिवस असेल तर शके ९३४ (इ. स. १०१२) चा मानला जाणारा आक्षीचा मराठी शिलालेख, प्राचीन बंदर चौल, पोर्तुगिजांचा रेवदंडा आणि थळसमोरची खांदेरी पाहावी. मराठ्यांच्या इतर ११ किल्ल्यांबरोबर खांदेरीचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. ही ठिकाणे पाहिली की आंग्र्यांनी राजधानीसाठी हाच किनारा का राखला, ते नकाशाशिवाय समजते.