मनाच्या दवाखान्यात शिरण्याआधी

होळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातून एस.टी.ने प्रवास केला असेल, तर पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीकडे निघालेली गर्दी तुम्ही पाहिली असेल. सैलानी बाबांच्या दर्ग्याला सर्व धर्मांचे लोक येतात. होळीला तेथे नारळांची मोठी होळी पेटते. या गर्दीत कित्येक जण आपल्या आजारी नातलगाला घेऊन आलेले असतात. दुखणे ताप-खोकल्याचे नसते. कोणाची कितीतरी दिवसांत झोप झालेली नसते, कोणाला नसलेले आवाज ऐकू येतात, तर कोणी बोलणेच टाकलेले असते. घरची माणसे थकलेली असतात. दुसरीकडे कोठे जावे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

अशा माणसाची तपासणी करण्याचे शास्त्र आहे काय? आहे. त्याच्या एका शाखेला चिकित्सा मानसशास्त्र म्हणतात. ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे तिचे नाव तुमच्याही कानावर आले असेल. “मला त्यात एम.ए. करायचे आहे,” असे सांगणारे विद्यार्थी आता बुलढाणा, खामगाव, मेहकरच्या शाळांतही भेटतात. तुम्हीही त्यांपैकी एक असाल, तर त्यासाठी अर्ज कोठे व कसा करायचा आणि हा रस्ता एवढा लांब का, हे आज आपण समजून घेऊ.

दोघांतला फरक

प्रथम एक गोंधळ दूर करू. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकतो व औषधे देतो. चिकित्सा मानसतज्ज्ञ मानसशास्त्राकडून आलेला असतो. तो औषधे लिहून देत नाही. चाचण्या घेऊन, मुलाखत घेऊन अडचण नेमकी कोठे आहे हे शोधणे आणि ठरावीक पद्धतीने बोलून, सराव करवून घेऊन उपचार करणे, हे त्याचे काम. मोठ्या रुग्णालयात हे दोघे बरोबरीने काम करतात.

या शाखेची सुरुवात एका शाळकरी मुलापासून झाली, हे वाचून तुम्हाला गंमत वाटेल. १८९६ मध्ये लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिला मानसशास्त्रीय दवाखाना उघडला. त्याच्याकडे आलेल्या पहिल्या मुलाला शुद्धलेखन जमत नव्हते. त्याला घेऊन आली होती त्याची शिक्षिका!

लोणारचा धडा

आता प्रश्न असा, की मनाची तपासणी करायची म्हणजे काय करायचे? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या लोणारला मिळते. लोणारचे सरोवर कसे झाले? लोक म्हणत, तेथे लवणासुराचा वध झाला. भूशास्त्रज्ञांना कितीतरी वर्षे तो ज्वालामुखीचा खड्डा वाटत होता. भोवताली सगळा बेसाल्ट खडक, तेव्हा तसे वाटणे साहजिकच होते. मग खड्ड्यात भोके पाडून खालचे नमुने काढले गेले. त्यांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. ही काच प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाही. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि हा खड्डा उल्केच्या आघाताने झाला, हे मत पक्के झाले. खड्डा तोच होता. वरून पाहून मात्र त्याचे कारण कळत नव्हते.

माणसाचेही तसेच आहे. एखादा मुलगा वर्गात मागे पडतो. त्याला कमी ऐकू येत असेल. दूरचे दिसत नसेल. अक्षरे ओळखण्यात खास अडचण असेल. घरात सतत भांडणे असतील. किंवा त्याच्या बुद्धीची वाढच सावकाश होत असेल. बाहेरून दिसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे नापासाचा शेरा. यांतले कारण कोणते, हे अंदाजाने ठरवले तर मुलाचे आयुष्य चुकीच्या रुळावर जाते. म्हणून मोजमाप हवे.

कामतांची फूटपट्टी

१९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी मुलांच्या बुद्धीची पहिली उपयुक्त चाचणी तयार केली. ती मराठीत आणायची तर नुसते भाषांतर करून भागेल काय? नाही. पॅरिसच्या मुलाला ओळखीची असलेली वस्तू आपल्याकडच्या मुलाने पाहिलेलीही नसेल. मग त्याला उत्तर आले नाही, तर दोष कोणाचा? हे काम धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी केले. त्यांनी मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांना प्रश्न विचारून पाहिले, कोणत्या वयाच्या मुलांना कोणता प्रश्न सुटतो ते तपासले आणि त्याप्रमाणे चाचणी बसवली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव आपल्या देशातल्या दवाखान्यांत आजही ऐकू येते.

करून पाहा

असे मोजमाप किती नाजूक असते, ते तुम्हीच अनुभवा. एका मित्राला समोर बसवा. सेकंदाला एक या गतीने, एकाच सुरात चार अंक वाचा, उदाहरणार्थ ७, २, ९, ४. त्याने ते त्याच क्रमाने म्हणायचे. जमले तर पाच अंक, मग सहा, असे वाढवत न्या. बहुतेक मोठी माणसे सात अंकांच्या आसपास अडखळतात.

आता अंक बदला आणि तोच प्रयोग रेडिओ मोठ्याने लावून करा. पुन्हा एकदा अंक घाईघाईने वाचून करा. पुन्हा एकदा दोन-दोनच्या जोड्या पाडून, लयीत वाचून करा. निकाल बदलतो, होय ना? मित्र तोच, त्याची स्मरणशक्तीही तीच. बदलली ती तुमची वाचण्याची रीत.

याचा अर्थ ध्यानात आला का? चाचणीचे पुस्तक कोणीही विकत घेईल. पण ती नेमक्या रीतीने घेणे, मूल घाबरले आहे की थकले आहे हे ओळखणे, आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे आणि कधी आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही हे समजणे, यासाठी शिक्षण लागते. म्हणूनच या खेळावरून मित्राला हुशार किंवा मठ्ठ ठरवू नका हं!

अर्जापर्यंतच्या पायऱ्या

आता रस्ता पाहू. बारावीनंतर मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए. किंवा बी.एस्सी. करता येते. त्यापुढे मानसशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस्सी. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. बुलढाणा जिल्हा अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तेथून पदवी घेऊन पुणे, मुंबई किंवा नागपूरच्या विद्यापीठात जायचे, तर स्थलांतर प्रमाणपत्र लागते. ते आधीच मागून ठेवा. केंद्रीय विद्यापीठांत बहुतेक प्रवेश ‘सीयूईटी-पीजी’ या सामाईक परीक्षेतून होतात. इतरत्र कोठे गुणांवर, तर कोठे विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेवर प्रवेश मिळतो.

येथे फार विद्यार्थी फसतात. एम.ए. झाले, म्हणजे आपण चिकित्सा मानसतज्ज्ञ झालो, असे त्यांना वाटते. तसे नसते. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद या व्यवसायाची नोंदवही ठेवते. त्या वहीत नाव नसताना व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. अनेक वर्षे नियम असा होता, की एम.ए. नंतर परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. करायचे. बंगळूरची निमहान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही त्यासाठी नामांकित ठिकाणे. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, म्हणून लेखी परीक्षा व मुलाखत.

नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. पदवी बंद करण्याचे ठरले. या विषयापुरती विद्यापीठ अनुदान आयोगाने तिला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. तिच्या जागी परिषदेने चिकित्सा मानसशास्त्राची चार वर्षांची बी.एस्सी. (ऑनर्स), दोन वर्षांची एम.ए. आणि साय.डी. हे नवे अभ्यासक्रम आणले आहेत. तेव्हा ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव दोन ठिकाणी सारखेच दिसेल. एक परिषदेने मान्य केलेले असेल, दुसरे नसेल. नावावर जाऊ नका. अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या महाविद्यालयाचे नाव त्याच वर्षासाठी आहे का, ते स्वतः पाहा. कोणाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट. घरी बसून पत्राने किंवा ऑनलाइन मानसशास्त्राची पदवी घ्यावी, असा विचार खेड्यातल्या मुलांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यात खर्च कमी येतो. परंतु २०२५ मध्ये आयोगाने दूरशिक्षणाने व ऑनलाइन मानसशास्त्र शिकवण्यास मनाई केली आहे. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी विहिरीत उतरत नाही, तसेच हे आहे.

सर्वांत अवघड प्रश्न

मुलाखतीत किंवा अर्जातच एक प्रश्न हमखास येतो : “हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे?” बहुतेक जण सांगतात, “मला लोकांना मदत करायला आवडते.” उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. मदत करण्याची इच्छा तर सैलानीला रुग्णाला घेऊन आलेल्या त्याच्या आईलाही असते. तिच्यापेक्षा अधिक माया कोणाला असणार? तिच्याजवळ नसते ती तपासणीची रीत. ती शिकायची तयारी तुमची आहे का, हेच विचारणाऱ्याला जाणून घ्यायचे असते.

कारण हे शिक्षण सोपे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा चिकित्सा मानसतज्ज्ञाच्या व्याख्येत देखरेखीखाली घेतलेले प्रशिक्षण आवश्यक मानतो. विद्यार्थ्याने रुग्णाशी बोलायचे, सविस्तर टिपण लिहायचे आणि ते वरिष्ठांपुढे ठेवायचे. वरिष्ठ विचारतात, “येथे तुम्ही घाई का केली? रुग्ण गप्प बसला, तेव्हा तुम्ही का बोललात?” रोज अशा चुका दाखवून घ्याव्या लागतात. त्या सोसण्याची तयारी असलेल्याचा अर्ज खरा भक्कम. म्हणून “मला मदत करायची आहे” या वाक्यापुढे लिहा, की तुम्ही आजवर काय पाहिले, तुम्हाला काय कळले नाही आणि कोणती गोष्ट शिकायची आहे.

गावाला काय उपयोग?

एवढे शिकून गावाला काय लाभ, असे तुम्ही विचाराल. बुलढाणा हा पश्चिम विदर्भातला जिल्हा. नापिकी, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांची दुःखे येथे ऐकीव नाहीत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवण्यात आला. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांनी नैराश्याची लक्षणे ओळखायची, धीर द्यायचा व गरज पडेल त्याला तज्ज्ञाकडे न्यायचे, अशी त्याची आखणी होती. आधी नैराश्य असलेल्या १०० जणांमागे जेमतेम ४ उपचार घेत होते. नंतर २७ घेऊ लागले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावकऱ्यांना शिकवायला आणि त्यांच्यामागे उभे राहायला मात्र तज्ज्ञ हवेच होते.

दर्ग्याला जाणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुवा’ नावाने औषध आणि प्रार्थना एकत्र नांदवण्याचा प्रयत्न झाला आहे. तोपर्यंत तुमच्या माहितीत कोणी फार खचलेले असेल, तर ‘टेलि-मानस’ची सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयातही चौकशी करता येते. ही माहिती योग्य माणसापर्यंत पोहोचवणे, हे काम तुम्ही आजही करू शकता. त्याला पदवी लागत नाही.

उद्या तुमच्यापैकी एखादा मुलगा किंवा मुलगी अर्ज भरायला बसेल. ‘का करायचे आहे’ या रकान्यापाशी लेखणी थांबेल. थांबू द्या. होळीच्या गर्दीतला तो न झोपलेला माणूस आठवा, आणि मग लिहा.