तुम्हांला किती नंबर पाठ आहेत?

मैत्रिणींनो, पुढे वाचण्याआधी एक गंमत करून पाहा. हातातला मोबाईल पालथा ठेवा, एक कागद घ्या आणि त्यावर नवऱ्याचा नंबर लिहा. जमला? आता आईचा लिहा. मग भावाचा, मुलांच्या शाळेचा, डॉक्टरांचा.

मला विचाराल तर गेल्या वैशाखापर्यंत मला फक्त एकच नंबर पाठ होता, माझा स्वतःचा! आणि स्वतःचा नंबर अडचणीच्या वेळी काय कामाचा, ते तुम्हीच सांगा.

मी पंचवीस वर्षांची. माहेर नांदेडचं, सासर चाकूरचं. लग्नाला दोन वर्षं झाली. बी.एस्सी. झाले आहे, घरी आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. हे पुण्याला कंपनीत, महिन्यातून दोनदा येतात. घरी मी, सासूबाई आणि सासरे. आमच्याकडे सासूला आत्या नि सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून पुढेही तसंच लिहिते.

त्या दिवशी दुपारभर ऊन नुसतं भाजत होतं आणि संध्याकाळी एकाएकी वारं सुटलं. आपल्याकडचं अवकाळी तुम्हांला काही नवीन नाही. पत्रे वाजायला लागले, वाळत घातलेले कपडे शेजारच्या गच्चीवर गेले आणि सहाच्या सुमारास लाईट गेली. माझ्या मोबाईलमध्ये तेव्हा जेमतेम सात टक्के चार्जिंग होतं. का, तर दुपारी शिकवणी नव्हती म्हणून मी दोन तास लोळत रील्स पाहिले होते. उरलेलं चार्जिंग मी टॉर्च लावून कपडे गोळा करण्यात संपवलं. मोबाईल बंद पडला. मला वाटलं, येईल लाईट तासाभरात.

मामांना साखरेचा त्रास आहे, इन्शुलिन घेतात. रोजच्या सवयीनं त्यांनी आठ वाजता इंजेक्शन घेतलं. आणि माझा स्वयंपाक अंधारात रेंगाळलेला. नऊच्या सुमारास पाहते तर मामांना दरदरून घाम फुटलेला, हात थरथरताहेत आणि बोलणं असंबद्ध. मला म्हणाले, "बैलं सोडली का?" घरात बैल नाहीत, दहा वर्षं झाली.

मी काय केलं असेल? मोबाईल उचलला. बंद पडलेल्या मोबाईलचं बटण मी तीन-तीनदा दाबत उभी राहिले. आज सांगताना हसू येतं. त्या वेळी मात्र पायांतलं बळ गेलं होतं.

आत्यांनी चिमणी लावली. मामांना भिंतीला टेकवून बसवलं, त्यांना नीट गिळता येतंय ना ते एका घोटानं पाहिलं आणि अर्ध्या पेल्यात चार चमचे साखर ढवळून हळूहळू पाजली. मग मागच्या दारी जाऊन भिंतीवरून शेजारच्या काकूंना जोरात हाक मारली. काकूंचा मुलगा भिजत आला. तोपर्यंत आत्यांच्या बटणाच्या मोबाईलला एक काडी रेंज आली होती. त्या मोबाईलमध्ये एकही नाव भरलेलं नाही, कारण नाव कसं भरायचं ते त्यांना येतच नाही. त्यांनी अंधारात, न अडखळता दहा आकडे दाबले आणि डॉक्टरांना लावला. पुन्हा दहा आकडे, पुण्याला ह्यांना लावला. पंधरा-वीस मिनिटांत मामा भानावर आले. मग थोडी दूध-भाकरी चारली. डॉक्टर येईपर्यंत मामाच त्यांना विचारत होते, "एवढ्या पावसात कामून आलात?"

रात्री मी आत्यांना विचारलं, "हे सगळं तुम्हांला कसं माहीत?"

"डॉक्टरनी सांगितलं होतं की, आठ वर्षांखाली. ध्यानात ठेवलं."

इथेच मला खरा टोला बसला. कारण हीच माहिती मीही वाचली होती! साखर उतरली की काय करावं, याचा सुंदर रंगीत तक्ता मला कुणीतरी पाठवला होता आणि मी तो जपूनही ठेवला होता. कुठे? मोबाईलमध्ये. आत्या सातवी शिकलेल्या, मी बी.एस्सी. पण त्या रात्री घरातलं ज्ञान त्यांच्या डोक्यात होतं आणि माझं चार्जिंगबरोबर संपलं होतं.

(ज्यांच्या घरी इन्शुलिन घेणारं माणूस आहे त्यांच्यासाठी विषय निघालाच आहे म्हणून सांगून ठेवते: माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच साखरेचं पाणी पाजावं, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं आणि बरं वाटलं की काहीतरी खायला द्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. तीनच आकडे आहेत, एवढे तरी पाठ करा.)

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे जुनं तेच सोनं, मोबाईल फेकून द्या, असंच ही सांगणार. मलाही त्या आठवड्यात तसंच वाटत होतं. कणीक मळता मळता मी आत्यांना म्हणाले, "तुमचा काळच बरा होता." आत्या ताडकन म्हणाल्या, "काय बरा होता गं? तुला काय ठाव!"

आणि मग त्यांनी १९९३ सालची हकीकत सांगितली. तेव्हा त्या नव्या नवरी. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. चाकुरात फडताळातली भांडी खाली आली, सगळी आळी अंगणात. घर शाबूत आहे म्हणून हुश्श करतात न करतात तोच सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकू आलं. आत्यांची थोरली बहीण औसा तालुक्यात दिलेली, किल्लारीच्याच बाजूला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली कितीतरी गावं एका पहाटेत दगडमातीखाली गेली, हजारो माणसं गेली. गल्लीत कुणाकडे फोन नव्हता, आणि असता तरी बहिणीच्या गावात कुणाला लावायचा? आत्यांचे सासरे मिळेल त्या वाहनानं निघाले. चाकुरातल्या बायका भाकरी थापून गाठोडी पाठवत होत्या, त्यांतच आत्याही. तिसऱ्या दिवशी सासरे परत आले तेव्हा कळलं, बहीण जिवंत आहे, तिचा दीर गेला.

"तीन दिवस भाकरी थापलालते अन् ती हाय का न्हाय ते ठाव न्हाई," आत्या म्हणाल्या. "फोन असता तर तीन दिवस जीव असा टांगणीला लागला असता का? फोनला नावं ठिऊ नको. तुझ्या डोक्याला ठिव."

त्यापुढे मी काय बोलणार? पण तेव्हापासून मी स्वतःवर जरा पहारा ठेवला आहे. कोणती गोष्ट मी मोबाईलकडून करून घेते आणि कोणती मला आता येतच नाही, याचा. यादी मोठी निघाली, बायांनो! पाव किलो शेंगदाण्यांचे किती, हे मी यंत्रावर काढते. साबुदाणा किती वेळ भिजवावा हे तीन वर्षं दर चतुर्थीला नव्यानं पाहते. नणंदेच्या लेकराचा वाढदिवस मोबाईल सांगतो म्हणून मला कळतो. आमच्या तालुक्यात वडवळ नागनाथला संजीवनी बेट आहे, औषधी वनस्पतींसाठी नावाजलेलं. मागे तिथे गेलो तर मी प्रत्येक पाल्याचा फोटो काढून त्याचं नाव शोधत होते, आणि आत्या पान चुरगाळून, वास घेऊन पुढे चालत होत्या. फोटो चाळीस आहेत माझ्याकडे. नाव एकाही पाल्याचं सांगता यायचं नाही.

पैशाचीही तीच गत. १२ एप्रिल २०२५, हनुमान जयंतीचा दिवस. भाजी घेतली, फुलं घेतली, नारळ घेतला, आणि मावशीच्या स्कॅनरवर मोबाईल धरला तर चाक नुसतं फिरतंय. त्या दिवशी देशभरच मोबाईलवरून पैसे जाणं काही तास अडखळलं होतं. पर्समध्ये एक रुपया नाही. मावशी म्हणाली, "न्या ताई, उद्या द्या." तिला माझं नाव माहीत नव्हतं, पण तोंडओळख होती. तिच्या जागी अनोळखी दुकान असतं तर? त्या दिवसापासून डाळीच्या डब्यामागे पाचशे रुपये ठेवते, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. आपल्या आया ठेवत होत्याच की. आपणच त्यांना हसत होतो.

या विषयावर गावंच्या गावं विचार करताहेत हेही तुम्ही वाचलं असेल. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. करोनाच्या दिवसांत शाळा मोबाईलवर भरली आणि शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातून मोबाईल सुटेना. तेव्हा २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून त्या गावानं एक प्रघात पाडला. रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा, की घराघरातले टीव्ही नि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधला दीड तास अभ्यास, वाचन, बोलणं. आशाताई, अंगणवाडीताई घरोघर जाऊन सांगत. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सीच्या ग्रामसभेनं तर १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीच केली. मला स्वतःला बंदीपेक्षा भोंगा बरा वाटतो. भोंग्यात थोरामोठ्यांनाही सूट नाही.

आम्ही घरी भोंग्याविना तो दीड तास पाळून पाहिला. हे सुटीवर आले होते. पहिल्या दिवशी हे भिंतीकडे पाहत बसले, मामा ह्यांच्याकडे पाहत बसले. मी भाकरी थापत होते. आपल्याला त्या वेळी वेगळा भोंगा कशाला हवा, पिठाच्या हातानं मोबाईल धरता येतो का? पण दुसऱ्या दिवशी हे कंटाळून स्वयंपाकघरात येऊन बसले. तुरीच्या शेंगा सोलू लागले आणि बोलता बोलता कंपनीतली एक काळजी सांगितली, जी चार महिने मला माहीत नव्हती. रोज फोनवर बोलत होतो बरं का आम्ही, चार महिने!

एक मात्र स्पष्ट सांगते, कारण 'मोबाईलचा नाद' म्हटलं की बोट पहिल्यांदा सुनेकडेच वळतं. बाईच्या हातचा मोबाईल काढून घेणं हा यावरचा उपाय नव्हे. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २०२४ मध्ये खात्यात येऊ लागले. पुढच्या वर्षी ई-केवायसी आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना ओटीपीसाठी दोन दिवस थांबावं लागलं, कारण आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा आणि नवरा ऊसतोडीच्या मुकादमाबरोबर बाहेरगावी. मी मोबाईलच्या आधीन, आणि त्या मोबाईलवाल्याच्या. दोघींत जास्त परावलंबी कोण? त्या वहिनी आता माझ्याकडे येतात. मी त्यांना खात्यातली शिल्लक कशी पाहायची ते शिकवते आणि बदल्यात त्या मला तोंडी हिशेब शिकवतात. आठवडी बाजाराचा हिशेब त्या पोरांच्या पाढ्यांहून लवकर करतात.

आणि आत्याही शिकताहेत. त्यांना नावं कशी भरायची ते मी दाखवलं. पण पटकन शिकूनही त्यांनी एकच नाव भरलं, माझं. "बाकीचे पाठ हाईत," म्हणाल्या.

माझं पाठांतर येळवशीच्या दिवशी सुरू झालं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडे त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि रात्रभर आंबवलेली ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील. आमच्या शेतात रेंज येत नाही. जेवणं झाल्यावर सगळे बाभळीच्या सावलीला पसरले होते. आत्या एकेक नंबर म्हणायच्या आणि मी मागून म्हणायचे, लहानपणी पाढे म्हणायचो तसं. शेजारच्या शेतातली मंडळी अंबिलीचा तांब्या घेऊन आली होती. ती हसून लोटपोट.

सध्या सहा नंबर पक्के आहेत: ह्यांचा, आईचा, भावाचा, डॉक्टरांचा, शेजारच्या काकूंचा आणि आत्यांचा. सातवा नणंदेचा. तो मी परवा न पाहता लावला, तर शेवटचे दोन आकडे उलटे झाले आणि उदगीरच्या एका आजोबांना लागला. मी चूक कबूल केली, नंबर पाठ करतेय म्हणून सांगितलं. आजोबांनी आपला नंबर दोनदा म्हणून दाखवला आणि म्हणाले, "आता ह्यो बी पाठ झाला का बग."

झाला.