जावा वेब प्रोजेक्टमधल्या एरर : आधी विचारा, बोलतंय कोण?



संशोधनाच्या सुरुवातीला एक काम बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. लॅबमध्ये आधीच्या विद्यार्थ्याने केलेला एखादा जावा वेब प्रोजेक्ट असतो आणि गाईड म्हणतात, "हा आधी तुझ्या मशीनवर चालवून दाखव, मग पुढचं बोलू." नवीन लॅपटॉपवर जेडीके, एक्लिप्स, टॉमकॅट टाकून प्रोजेक्ट उघडला की लाल खुणांची रांगच लागते. मग इंटरनेटवर दिसेल तो उपाय करायचा, तो नाही लागला की दुसरा. दोन आठवड्यांनी प्रोजेक्ट चालतो, पण कशामुळे चालला हे सांगता येत नाही.

हीच गोष्ट पुढे महागात पडते. त्या सिस्टीमवर प्रयोग करून तुम्ही आकडे मांडणार आणि कुणीतरी विचारणार, "हे आमच्याकडे चालेल का?" तेव्हा उत्तर देता आलं पाहिजे. म्हणून या एरर नीट वाचायला शिकणं हा संशोधनाच्या तयारीचाच भाग समजा.

यातल्या बहुतेक एरर कोड चुकल्यामुळे येत नाहीत. एक्लिप्स, मेव्हन, जेडीके आणि टॉमकॅट ही चार वेगवेगळी सॉफ्टवेअर आहेत. एकाची समजूत दुसऱ्याशी जुळली नाही की एरर येते. त्यामुळे पहिला प्रश्न "उपाय काय?" हा नको. "ही तक्रार कोण करतंय आणि कोणत्या टप्प्यावर?" हा हवा. टप्पे चार : एडिटरमध्ये, कंपाइल करताना, सर्व्हर सुरू होताना आणि ब्राउझरमध्ये पान उघडताना.

१. एडिटरमधली लाल खूण

जेएसपी फाइल उघडताच "द सुपरक्लास जावाएक्स डॉट सर्व्हलेट डॉट एचटीटीपी डॉट एचटीटीपी-सर्व्हलेट वॉज नॉट फाउंड" असं दिसतं. इथे एक्लिप्स बोलतोय. सर्व्हलेटचे क्लास जेडीकेमध्ये नसतातच, ते टॉमकॅटसोबत येतात. कोणता टॉमकॅट वापरायचा हे एक्लिप्सला सांगितलेलं नसेल, तर त्याला ते क्लास सापडणार कुठून? प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटेड रनटाइम्समध्ये जाऊन टॉमकॅट निवडा.

प्रोजेक्ट मेव्हनचा असेल तर सर्व्हलेट एपीआयची डिपेंडन्सी पॉम फाइलमध्ये लिहा आणि तिचा स्कोप प्रोव्हायडेड ठेवा. प्रोव्हायडेड म्हणजे कंपाइल करण्यापुरती ही जार वापर, चालवताना सर्व्हर स्वतःची देईल.

२. कंपाइल करताना : नेमका कोणता जावा?

"माझ्याकडे जावा १७ आहे," एवढं सांगून भागत नाही, कारण एका मशीनवर तीन ठिकाणी तीन वेगळे जावा असू शकतात. एक्लिप्सचा स्वतःचा कंपाइलर आहे आणि त्याची पातळी प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ठरते. मेव्हन साधारणपणे जावा-होम या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधला जेडीके घेतो. टॉमकॅट कशावर चालतो हे आणखी वेगळं ठरवता येतं. म्हणूनच एक्लिप्समध्ये सगळं हिरवं आणि टर्मिनलवर बिल्ड फेल, असं होऊ शकतं.

यातली नेहमीची एरर म्हणजे "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर". घाबरवणारी दिसते, पण उत्तर तिच्यातच लिहिलेलं असतं. क्लास फाइलचा नंबर ६१ आहे आणि चालवणाऱ्या जावाला ५२ पर्यंतचेच नंबर कळतात, असं ती सांगते. या नंबरातून ४४ वजा करा. ६१ म्हणजे जावा १७ आणि ५२ म्हणजे जावा ८. थोडक्यात, कोड १७ साठी कंपाइल झालाय आणि चालवणारा जावा ८ आहे. एक तर चालवणारा जावा वर न्या, नाहीतर कंपाइल खालच्या पातळीसाठी करा.

याच्या उलटी एरर जुन्या पॉम फाइलमुळे येते : "सोर्स ऑप्शन ५ इज नो लाँगर सपोर्टेड". जावाची पातळी लिहिलेली नसली की मेव्हनचा जुना कंपाइलर प्लगइन आपल्या मनाने १.५ धरतो. नव्या जेडीकेने ती पातळी कधीच सोडून दिलीय. पॉममध्ये कंपाइलरच्या रिलीजची किंमत स्पष्ट लिहिली की दोघांचं जुळतं. ही सोय जेडीके ९ पासून आहे.

तपासायचं कसं? मेव्हनला त्याचं व्हर्जन विचारलं की तो कोणता जावा वापरतोय हेही सांगतो. टॉमकॅटच्या बिन फोल्डरमध्ये व्हर्जन नावाची स्क्रिप्ट असते, ती चालवली की टॉमकॅटचा जावा कळतो. अंदाज बांधू नका, दोघांनाही विचारा.

३. जावाएक्स की जकार्ता?

जुन्या प्रोजेक्टना सध्या सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट ही आहे. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं आणि पुढे तिचं नाव जकार्ता ईई झालं. जावाएक्स हे पॅकेजचं नाव ठेवून त्यात बदल करण्याबाबत दोघांचं एकमत झालं नाही. त्यामुळे २०२० च्या अखेरीस आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजची नावंच बदलली. जावाएक्स डॉट सर्व्हलेट होतं, ते जकार्ता डॉट सर्व्हलेट झालं.

टॉमकॅट ९ पर्यंत जुनं नाव चालतं, टॉमकॅट १० पासून फक्त नवं. "नवीन ते चांगलं" म्हणून टॉमकॅट १० टाकला आणि त्यावर जुना प्रोजेक्ट ठेवला, तर कधी क्लास सापडत नाही अशी एरर येते, तर कधी एररच येत नाही आणि पान उघडताना फक्त ४०४ मिळतं. दुसरा प्रकार जास्त फसवा. सर्व्हलेटवरचं अ‍ॅनोटेशन जुन्या नावाचं असल्यामुळे टॉमकॅट त्याच्याकडे बघतच नाही.

आधीच्या विद्यार्थ्याचे निकाल पुन्हा काढून बघायचे असतील, तर सरळ टॉमकॅट ९ वापरा. प्रोजेक्ट पुढे वाढवायचा असेल तर नावं बदला. पण एक सावधगिरी : सगळीकडे जावाएक्स शोधून जकार्ता करू नका. जावाएक्स डॉट एसक्यूएल आणि जावाएक्स डॉट नेमिंग ही पॅकेजेस जेडीकेचीच आहेत, ती तशीच राहतात.

४. सर्व्हर सुरू होताना

कोड कंपाइल होतो, पण टॉमकॅट सुरू होताना "क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन" येतं आणि नाव असतं डेटाबेसच्या ड्रायव्हरचं किंवा स्प्रिंगच्या लिसनरचं. जार तर प्रोजेक्टमध्ये दिसतेय! कंपाइल करताना लागणारी यादी आणि सर्व्हरवर पाठवली जाणारी यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हर वेब-इन्फ फोल्डरमधल्या लिब फोल्डरमध्ये जार शोधतो. एक्लिप्समध्ये डिप्लॉयमेंट असेंब्ली उघडा आणि मेव्हन डिपेंडन्सीज त्यात आहेत का बघा. नसतील तर जोडा.

"वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट" एवढंच दिसलं तर तिथे थांबू नका. खरं कारण टॉमकॅटच्या लॉग्स फोल्डरमध्ये, लोकलहोस्ट आणि तारीख अशा नावाच्या फाइलमध्ये असतं. लांबलचक मजकुरात "कॉज्ड बाय" ने सुरू होणारी शेवटची ओळ शोधा. मूळ दुखणं बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पोर्ट ८०८० आधीच वापरात आहे, अशीही तक्रार येते. बऱ्याचदा आधीचा टॉमकॅट नीट बंद झालेला नसतो. ओरॅकल एक्सईच्या जुन्या आवृत्त्याही हेच पोर्ट धरून बसतात. विंडोजवर नेटस्टॅटने त्या प्रोसेसचा नंबर मिळतो. ती प्रोसेस कशाची आहे हे बघूनच बंद करा. डेटाबेसची निघाली तर टॉमकॅटचं पोर्ट बदललेलं बरं.

५. सगळं सुरू आहे, पण ४०४

एक्लिप्समधून टॉमकॅट सुरू केला आणि पत्त्यामध्ये नुसतं लोकलहोस्ट ८०८० टाकलं की बरेचदा ४०४ दिसतं. इथे टॉमकॅट बिघडलेला नाही. एक्लिप्स वर्कस्पेसच्या आत वेगळी जागा करून तिथून प्रोजेक्ट चालवतो, त्यामुळे टॉमकॅटचं नेहमीचं स्वागताचं पान तिथे नसतं. पोर्टनंतर प्रोजेक्टचं नाव, म्हणजे कॉन्टेक्स्ट पाथ, टाकून बघा. ४०४ चा एक चांगला अर्थही आहे : सर्व्हर जिवंत आहे आणि उत्तर देतोय. म्हणजे आधीचे बरेच प्रश्न सुटलेत.

सवयी कोणत्या लावाव्यात?

एका वेळी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि एरर गेली, तर हातात ज्ञान काहीच राहत नाही. बदल लागू पडला नाही तर तो मागे घ्या, मगच दुसरा करा. जुना प्रोजेक्ट गुंतागुंतीचा असेल तर बाजूला एक सर्व्हलेट असलेला रिकामा प्रोजेक्ट करा. तो चालला तर वातावरण ठीक आहे, अडचण जुन्या प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये आहे. तोही नाही चालला तर जुन्या कोडला हातसुद्धा लावू नका.

आणि सगळं चाललं की त्याच दिवशी एक छोटी फाइल लिहून प्रोजेक्टमध्ये ठेवा : जेडीके, मेव्हन, टॉमकॅट आणि डेटाबेसचे पूर्ण व्हर्जन नंबर, बदललेलं पोर्ट, कोणती एरर आली आणि ती कशाने गेली. दहा-पंधरा ओळी पुरतात. लिहायला अर्धा तास लागेल. दोन वर्षांनी थीसिस लिहिताना, किंवा तुमच्यानंतर येणारा विद्यार्थी तोच प्रोजेक्ट उघडेल तेव्हा, हीच फाइल सगळ्यात आधी शोधली जाईल.