जुन्या मालमोटारीचे गिअर कसे निवडावेत?

आमच्या जळगांव जामोदच्या उत्तरेस सातपुड्याची रांग उभी आहे, आणि दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी सपाट जमीन पसरलेली आहे. म्हणून येथील मोटारीस दोन निराळ्या प्रकारचीं कामें करावीं लागतात. नांदुरा-खामगांवकडे जातांना तिला सरळ रस्त्यानें धांवावें लागतें. आणि बऱ्हाणपुराकडे निघाली कीं ओझें घेऊन घाट चढावा, व त्याहूनही कठीण म्हणजे, तो उतरावा लागतो. एकाच इंजिनाकडून हीं दोन्ही कामें करवून घेणें हें गिअरचें काम होय.

ह्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं गोठ्याशेजारीं कित्येक वर्षें उभी असलेली जुनी शेव्हरोलेट पिकअप बाहेर काढिली, आणि तिला कोणता गिअरबॉक्स व मागचा कोणता जोड घालावा, असें आम्हांस विचारिलें. ह्या प्रश्नाचें उत्तर शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या त्रैराशिकानेंच मिळतें; म्हणून तें येथें सर्वांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढिला व तो १९५४ पर्यंत चालला. शेव्हरोलेट हें नांव आपल्या देशांत घरोघरीं झालें तें ह्या कारखान्यामुळें. १९४७ सालीं त्या कंपनीनें अमेरिकेंत अर्ध्या टनाची जी नवी पिकअप काढिली, तिचें इंजिन सहा सिलिंडरांचें, २१६ घन इंचांचें व ९० अश्वशक्तीचें होतें. गिअरबॉक्स तीन गतींचा असे. जास्त पैसे दिल्यास चार गतींचाही मिळे.

आतां मूळ तत्त्व पाहूं. लहान चक्रानें मोठें चक्र फिरविलें, तर वेग घटतो, पण जोर त्याच प्रमाणांत वाढतो. लांब पहारीनें धोंडा उचलतांना हात पुष्कळ हलतो व धोंडा थोडाच हलतो, तोच हा न्याय. मोटारींत हें दोन ठिकाणीं घडतें: एकदां गिअरबॉक्समध्यें आणि दुसऱ्यांदा मागच्या आंसावर. ह्या आंसावर पिनियन नांवाचें लहान चक्र क्राऊन नांवाच्या मोठ्या चक्रास फिरवितें. आमच्या पिकअपच्या पिनियनास ९ दांत व क्राऊनास ३७ दांत असतात. ३७ ला ९ नें भागिलें कीं ४.११ येतात. म्हणजे टॉप गिअरवर चाक एकदां फिरावें म्हणून इंजिनास ४.११ वेळां फिरावें लागतें.

गाडीचें प्रमाण ठाऊक नसेल तर तें मुलांनाही काढतां येईल. गाडी सपाट जागीं उभी करून स्पार्क प्लग काढावेत व टॉप गिअर घालावा. मागच्या चाकावर व इंजिनाच्या पुढील पुलीवर खडूनें खूण करावी. मग चाकाचा एक फेरा होईपर्यंत गाडी ढकलावी व पुलीचे फेरे मोजावेत. चारांहून किंचित् अधिक आले, तर जोड ४.११ चा समजावा.

आतां वेगाचा हिशेब. टायरचा व्यास २८ इंच धरिला, तर परिघ ८८ इंच, म्हणजे सुमारें २.२३५ मीटर होतो. एका किलोमीटरांत चाकाचे ४४७ फेरे होतात. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास एक किलोमीटर, तेव्हां ४.११ च्या जोडावर इंजिन मिनिटास सुमारें १,८४० फेरे करितें. ताशीं ८० किलोमीटरांस हेच फेरे २,४५० होतात. मागें ३.५५ चा जोड (११ व ३९ दांतांचा) घातला, तर ताशीं ८० स फेरे २,१२० वर येतात. ह्या जुन्या इंजिनाचीं बेअरिंगें व्हाईट मेटल ओतून केलेलीं असतात आणि कनेक्टिंग रॉडच्या टोकांवरील पळ्या तेल घेत फिरतात. असें इंजिन फार वेळ जोरानें पळविल्यास लवकर झिजतें. म्हणून फेरे कमी करण्याचा मोह पुष्कळांस होतो.

मोह खोटा नाहीं. परंतु त्याची किंमत घाटांत द्यावी लागते. तीन गतींच्या गिअरबॉक्सचें पहिल्या गिअरचें प्रमाण २.९४ असतें. त्यास ४.११ नें गुणिलें कीं १२.०८ येतात, म्हणजे इंजिनाचा पीळ चाकावर बारापट होतो. तेथेंच ३.५५ घातले, तर १०.४४ च उरतात. सातवा हिस्सा जोर गेला! दुसऱ्या गिअरवर (१.६८) हाच आंकडा ६.९० वरून ५.९६ वर येतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही अशाच एका गाडींत बसलों होतों. मालकानें कोणाच्या तरी सल्ल्यानें मागें ३.५५ चा जोड घातला होता. गिअरबॉक्स मात्र तीन गतींचाच ठेविला होता. सपाटीवर गाडी सुरेख धांवली. चढणीवर क्लच जळाल्याचा वास येऊं लागला. तरीही आम्ही माथ्यावर पोहोंचलों. खरें संकट पुढेंच होतें. उतारावर दुसऱ्या गिअरनें गाडी आवरेना, आणि चालत्या गाडींत पहिला गिअर पडेना. ब्रेकचे ड्रम इतके तापले कीं पेडल दाबूनही उपयोग होईना. शेवटीं चालकानें कडेच्या मातीच्या ढिगांत चाक घालून गाडी थांबविली. कोणास इजा झाली नाहीं, ही परमेश्वराची कृपा. पण त्या दिवशीं आम्हांस कळलें कीं गिअरची निवड ही केवळ पेट्रोलच्या खर्चाची बाब नव्हे. उतारावर चाकें इंजिनास फिरवितात व इंजिन त्यांस मागें ओढून धरितें. एकंदर प्रमाण जितकें मोठें, तितकी ही पकड घट्ट.

मग उपाय काय? चार गतींच्या गिअरबॉक्सचीं प्रमाणें अनुक्रमें ७.०५, ३.५७, १.७० व १ अशीं आहेत. त्याचा दुसरा गिअर व मागें ३.५५ असा मेळ घातला, तर १२.६७ येतात, म्हणजे तीन गतींच्या मूळ पहिल्या गिअरहूनही किंचित् जास्त. शिवाय पहिला गिअर पंचवीसपट जोर देण्यास हातीं राहतोच. यावरून आमचें मत असें: ओझें घेऊन वारंवार घाट ओलांडावयाचा असेल, तर चार गती व ४.११ ठेवावे. गाडी बहुधा हलकी व सपाटीवरच चालणार असेल, तर चार गती व ३.५५ चालतील. तीन गती व ३.५५ हा मेळ मात्र आमच्या भागांत कोणीही घालूं नये. ओव्हरड्राइव्ह असलेला नवा पांच गतींचा गिअरबॉक्सही बसवितां येतो. पण ह्या गाडीचा प्रॉपेलर शाफ्ट बंद नळींत असल्यामुळें मागचा सर्वच आंस बदलावा लागतो व खर्च फार वाढतो.

आणखी तीन सूचना. क्राऊन व पिनियन नेहमीं जोडीनेंच बदलावेत; एक जुना व एक नवा घातल्यास दांत खातात. जोड बदलल्यावर वेगाचा कांटा खोटें सांगूं लागतो: ४.११ काढून ३.५५ घातले, तर कांटा ६० दाखवितांना गाडी खरोखर ६९ नें धांवत असते. आणि गाडी ज्या गिअरवर घाट चढते त्याच गिअरवर ती उतरवावी. तो गिअर उतार लागण्यापूर्वींच घालावा, व न्यूट्रलवर तर गाडी कधींही सोडूं नये.

शुभवर्तमानांतील बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. काम हातीं घेण्यापूर्वीं बसून हिशेब करावा, हें मोटारीसही लागू आहे. त्या पालकांनीं हिशेब पाहिला, आणि चार गती व ४.११ असा निर्णय घेतला. गाडी थोडी सावकाश धांवेल. पण घाटांतून घरीं परत येईल.