लकव्यानंतर पाय कडक झालाय? मालिशने काय होतं, काय होत नाही

लकवा मारलेल्या माणसाला दवाखान्यातून घरी आणलं की आठ-पंधरा दिवसांत तेलाची बाटली आणि मालिशवाला, दोन्ही ठरतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, खाली डिचोली-साखळीपर्यंत हेच चित्र आहे. पाय पहिल्यांदा लुळा असतो. पुढच्या काही आठवड्यांत बऱ्याच रुग्णांचा पाय हळूहळू कडक व्हायला लागतो. गुडघा वाकत नाही, टाच जमिनीला टेकत नाही, पाऊल आत वळतं, बोटं मुडपतात. घरच्यांना वाटतं शिरा आखडल्या, जोर लावून चोळल्या की सुटतील. रोजचे पैसे मोजून महिनोन्‌महिने मालिश चालू राहते आणि पाय आहे तिथेच राहतो. असं का होतं, हे समजून घेतलं तर पैसाही वाचेल आणि वेळही.

बिघाड पायात नाही, मेंदूत आहे

स्नायू ताणला गेला की तो आपोआप आखडतो. ही पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूची मूळ सवय आहे. एरवी मेंदू तिच्यावर लगाम ठेवतो. लकव्यात मेंदूचा तो भाग खराब झाला की लगाम सुटतो आणि जरा ताण पडला तरी पोटरी, मांडी घट्ट होते. डॉक्टर याला स्पॅस्टिसिटी म्हणतात.

याची एक खूण आहे. पाऊल झटक्यात वर ढकललं तर मध्येच अडकतं, कधी थडथड उडायला लागतं. तेच सावकाश ढकललं तर बरंच पुढे जातं. म्हणून जोरजोरात चोळणं, थापट्या मारणं, हिसका देऊन पाय वाकवणं याने पाय सुटण्याऐवजी आणखी आखडू शकतो.

पाय बरेच महिने तसाच पडून राहिला तर दुसरा त्रास सुरू होतो. पोटरी आणि टाचेमागची जाड शीर खरोखरच आखूड होते. मग सावकाश ढकलूनही पाऊल वर येत नाही. ही आखूड झालेली शीर तेलाने लांब होत नाही.

मग मालिश करायचीच नाही का?

करा, पण तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरवून करा. हळू, लांब हात फिरवून केलेल्या मालिशने दुखणं कमी होतं, पाय थोडा वेळ सैल पडतो, रुग्णाला बरं वाटतं. चीनमध्ये तिथल्या पारंपरिक मालिशवर लकव्याच्या रुग्णांत चाचण्या झाल्या आहेत आणि काहींत कडकपणा कमी झाल्याचं दिसलं. पण नुसत्या मालिशने पाय कायमचा सुटतो किंवा माणूस चालायला लागतो, असं सिद्ध झालेलं नाही.

मालिशमुळे पाय थोडा वेळ मोकळा होतो. त्या वेळात रुग्णाला उठवायचं, उभं करायचं, पाऊल टाकायला लावायचं. मेंदूचा शाबूत भाग नवीन काम शिकतो तो रुग्णाने स्वतः हालचाल केल्यावर. मालिश करून रुग्णाला परत झोपवलं तर तो मोकळा वेळ फुकट जातो.

घरी कशी करावी

फिजिओथेरपिस्टला एकदा पाय दाखवून, त्याच्यासमोर शिकून घ्या. ढोबळ पद्धत अशी:

१. रुग्णाला उताणं झोपवा. खोली गार नको, थंडीने पाय आखडतो.
२. खोबरेल, तिळाचं, कोणतंही साधं तेल चालेल. तळहाताने घोट्याकडून गुडघ्याकडे, मग गुडघ्याकडून मांडीकडे, सावकाश हात फिरवा. पाच ते दहा मिनिटं पुरे. अंगठा रुतवू नका.
३. तळव्याचा बोटांजवळचा फुगीर भाग दाबत बसू नका. तिथे दाब पडला की पाऊल आणखी खाली ताणलं जातं.
४. एका हातात टाच धरा, आपला हात रुग्णाच्या तळव्याला टेकवा आणि पाऊल सावकाश नडगीकडे न्या. जिथे अडेल तिथे अर्धा मिनिट थांबा. असं तीन-चार वेळा, आधी गुडघा सरळ ठेवून, मग थोडा वाकवून. दुखेपर्यंत नाही.
५. तेल कोरड्या फडक्याने नीट पुसा, तळव्याचं तर नक्कीच. तेलकट पाय फरशीवर घसरला तर खुब्याचं हाड मोडेल.
६. मग आधार देऊन उभं करा, टाच टेकवून. खुर्चीतून उठणं-बसणं, जमत असेल तर चार पावलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कमजोर पायाच्या काही रुग्णांना गुडघ्याचा कडकपणाच उभं राहायला आधार देत असतो. तो पूर्ण घालवायच्या नादात गुडघा मध्येच दुमडून माणूस पडू शकतो. किती सैल करायचं, हे तपासणाऱ्याला ठरवू द्या.

केव्हा हात लावू नये

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली, गरम किंवा लाल झाली तर मालिश ताबडतोब बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडून राहिलेल्या पायात रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराच्या मालिशने आत रक्त साकळतं. पाय बधिर असेल, शुगर असेल, तर गरम विटेचा किंवा पिशवीचा शेक देऊ नका. भाजलेलं रुग्णाला कळणारही नाही.

बरा असलेला पाय एकाएकी जास्त कडक झाला तर आधी कारण शोधा. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, पाठीला झालेली जखम, आत रुतलेलं नख, घट्ट चप्पल, यातलं काहीही पाय आखडवू शकतं. कारण गेलं की पाय पुन्हा सैल पडतो.

मालिशने भागत नसेल तर

बॅक्लोफेन, टिझॅनिडीन या गोळ्या डॉक्टर देतात. त्यांनी झोप येते, अशक्तपणा वाटतो, पण बॅक्लोफेन मनाने एकदम बंद करणं धोक्याचं आहे. ठरावीक स्नायूच कडक असेल तर बोटॉक्सचं इंजेक्शन असतं. त्याचा गुण साधारण तीन-चार महिने टिकतो आणि त्या काळात व्यायाम केला तरच पैसे वसूल होतात. पाऊल सरळ धरून ठेवणारा प्लास्टिकचा स्प्लिंटही अनेकांना चालायला मदत करतो.

आयुर्वेदात पक्षाघातावर तेल आणि शेक सांगितलेला आहे. वैद्याकडे जायला हरकत नाही. पण गावठी औषध सुरू केलं म्हणून बीपी, शुगर आणि रक्ताच्या गोळ्या बंद करू नका. एकदा लकवा येऊन गेलेल्याला दुसऱ्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि दुसरा झटका पहिल्यात कमावलेलं सगळं घेऊन जातो.

आपल्या भागातले लोक बेळगाव, कोल्हापूर, मिरज, बांबोळीचं गोमेकॉ असे राज्याच्या हद्दी ओलांडून फिरतात. डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी एकाच पिशवीत ठेवा. नवीन डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

आणि एक वही ठेवा. आधाराशिवाय खुर्चीतून उठता आलं का, टाच टेकली का, मोरीपर्यंत किती पावलं झाली, हे दर रविवारी लिहा. महिन्याभरात आकडा हलला नाही तर मालिशवाला बदलून उपयोग नाही, फिजिओथेरपिस्टकडे किंवा मेंदूच्या डॉक्टरकडे पाय पुन्हा दाखवा.