ब्रेकचा रिकॉल, आगीचा धोका आणि काही पक्के गैरसमज

'कंपनीने गाड्या परत मागवल्या' अशी बातमी आली की घोडबंदर रोडच्या टॉवरपासून डोंबिवलीच्या जुन्या सोसायटीपर्यंत सगळीकडे ऐकीव माहिती फिरू लागते. तिच्यामुळे काही जण विनाकारण घाबरतात, तर ज्यांनी खरोखर सावध व्हायला हवे ते निर्धास्त राहतात.

बंद करून उभ्या केलेल्या गाडीला ब्रेकमुळे आग लागूच शकत नाही.

किल्ली खिशात, इंजिन थंड, मग पेटणार काय? तर्क सरळ आहे, पण अपुरा. एबीएसच्या कंट्रोल युनिटला गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा सुरू राहू शकतो आणि ब्रेक ऑइलही त्याच युनिटमधून जाते. आत गळती झाली तर ते सर्किटवर झिरपते. ब्रेक ऑइल ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्यातून वीज वाहू शकते. मग शॉर्ट सर्किट होते, आणि पुरेसे तापले की ते ऑइल स्वतःही पेटते. सप्टेंबर 2023 मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत सुमारे 33.7 लाख गाड्यांचा रिकॉल काढला तो याच धोक्यामुळे. दुरुस्ती होईपर्यंत गाडी मोकळ्या जागेत, इमारतीपासून लांब उभी करा, असे तिथल्या मालकांना बजावले गेले. आपल्याकडे हा सल्ला पाळायला जागा तरी कुठे आहे? स्टिल्टखाली गाडीला चिकटून दुचाकींची रांग, भिंतीवर वीज मीटर आणि शेजारीच जिना. खाली गाडी पेटली तर धूर त्याच जिन्यात भरतो. त्यामुळे अशा रिकॉलची दुरुस्ती पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलणे म्हणजे शेजाऱ्यांचा जीवही टांगणीला लावणे.

अमेरिकेत रिकॉल निघाला, म्हणजे इथली त्याच नावाची गाडीही धोकादायक.

नाव एकच असल्याने तसे वाटणे साहजिक आहे. पण कारखाना, सुटे भाग पुरवणारा आणि बनवल्याची तारीख वेगळी असू शकते, आणि रिकॉल ठरतो तो त्यावरच. ऑक्टोबर 2022 मध्ये मारुती सुझुकीने मागच्या ब्रेकमधल्या एका पिनसाठी वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून 9,925 गाड्या बोलावल्या. त्या 3 ऑगस्ट ते 1 सप्टेंबर 2022 या काळात तयार झालेल्या होत्या. एकाच पार्किंगमध्ये शेजारी उभ्या असलेल्या दोन वॅगन आरपैकी एक रिकॉलमध्ये असेल, दुसरी नसेल.

घाट उतरताना ब्रेकमधून धूर आला, म्हणजे कंपनीचा दोष.

माळशेज उतरून मुरबाडकडे येताना जळका वास आला की धास्ती वाटतेच. मात्र बहुतेक वेळा कारण असते ते सतत दाबून धरलेला ब्रेक. खालच्या गिअरमध्ये उतरले की इंजिनच वेग आवरते. कल्याण-शीळ रस्त्यासारख्या सपाट रस्त्यावर एकच चाक तापत असेल, तर मात्र ब्रेक अडकल्याची शक्यता असते. तशीच गाडी दामटली तर टायरही पेटू शकतो.

रिकॉल निघाला, म्हणजे मॉडेलच टाकाऊ.

गाडी विकताना भाव पडेल, या भीतीने अनेक जण रिकॉलचा विषयच टाळतात. कायद्याचा रोख वेगळा आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती होऊन रिकॉलची तरतूद आली. तिचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले असून सक्तीच्या रिकॉलमध्ये 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट, दोष लक्षात येताच कंपनीने स्वतःहून सरकारला कळवून रिकॉल काढला, तर दंड नाही. दुरुस्ती झालेली गाडी टाकाऊ नसते. धोका असतो तो दुरुस्ती न झालेल्या गाडीत.

गाडी सेकंडहँड, वॉरंटी संपलेली, म्हणजे खर्च आपल्याच गळ्यात.

वॉरंटी आणि रिकॉल यांची गल्लत होते, कारण दोन्ही कामे सर्व्हिस सेंटरमध्येच होतात. कंपनीने जाहीर केलेल्या रिकॉलमधली दुरुस्ती मोफत असते आणि ती गाडीला लागू होते, मालक कोण आहे याला महत्त्व नाही. अडचण येते ती निरोप पोहोचण्यात, कारण कंपनीकडे अनेकदा पहिल्या मालकाचाच मोबाइल नंबर असतो. गाडी एमएच-04 असो वा एमएच-05, फोनची वाट पाहू नका. आरसीवरचा 17 अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून आजच खात्री करून घ्या.